पुराण, कीर्तन आणि शुभवर्तमान

गोव्याच्या सालसेत प्रांतात, मुलांचे धर्मपाठ आटोपले असता, एका प्रतिष्ठित नवख्रिस्ती गृहस्थाने पाद्री गुरूंस असा सवाल घातला की, जुनी पुराणे ऐकण्याची आम्हांस मनाई झाली आहे, तर त्यांच्याच तोडीचे दुसरे पुराण आपण का देत नाही? फादर स्टीफन्स ह्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या प्रारंभी हा प्रसंग येतो. १५७९ साली गोव्यास आलेल्या ह्या इंग्रज जेझुइट पाद्र्याने मराठी ओवीचा असा कसून अभ्यास केला की, १६१६ साली रायतूर येथे छापलेल्या त्याच्या ग्रंथात ओव्यांची संख्या अकरा हजारांच्या घरात गेली. ज्या मुलखात पोर्तुगीज अंमलाने देवळे पाडली होती आणि ज्या मुलखातील कुंकळ्ळीकरांनी १५८३ साली पाच जेझुइटांना ठार केले होते, तेथेच हा ग्रंथ निर्माण झाला, हे विसरता येत नाही. हुकुमाने गप्प बसविलेला समाज ओवीच्या ओळखीच्या लयीत पुन्हा प्रश्न करू लागला, आणि ग्रंथातही श्रोते मधूनमधून शंका काढतात व गुरू त्यांचे निरसन करतो.

हीच वाट पुढे अहमदनगरच्या ख्रिस्ती मंडळींनी कीर्तनाच्या रूपाने चोखाळली. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंगांत ख्रिस्तभक्ती गाइली, आणि त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेले. ख्रिस्ती कीर्तनाची घडण आपल्या परिचयाचीच असते: नमन, पूर्वरंगात एखाद्या अभंगाचे निरूपण, आणि उत्तररंगात बायबलातील आख्यान. येशूने सांगितलेली उधळ्या पुत्राची कथाच पाहा. बाप जिवंत असताना धाकटा आपली वाटणी मागतो, ती परमुलखात उडवितो, दुष्काळात डुकरे राखण्याची पाळी आल्यावर घरची वाट धरतो, आणि बाप त्याला दुरूनच पाहून धावत सामोरा जातो. वाटणीवरून भाऊबंदकी आणि कोर्टकचेऱ्या पाहिलेल्या कुणबी श्रोत्यास ही कथा परदेशी वाटण्याचे काहीच कारण नाही.

परंतु कथेचे मर्म पुढेच आहे. शेतावरून परतलेला थोरला गाण्याबजावण्याचा आवाज ऐकतो, रागावून दाराबाहेर उभा राहतो, आणि इतकी वर्षे राबूनही आपल्या वाट्यास एक करडूसुद्धा आले नाही, असे बापास सुनावतो. बाप समजूत घालतो. पण थोरला अखेर घरात गेला की नाही, हे येशू सांगत नाही. श्रोत्यांपैकी कोणी थोरल्याची बाजू घेतो, कोणास बाप भोळा वाटतो, आणि न्याय मोठा की क्षमा, ह्या प्रश्नावर बोलणे सुरू होते. उपदेशाने जे साधले नसते ते कथेच्या ह्या अपुरेपणाने साधते.

लोककला आणि धर्म ह्यांचा हा व्यवहार एकमार्गी मात्र नव्हे. १९१० च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहताना दादासाहेब फाळके ह्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले, आणि १९१३ साली त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. प्रेक्षकाच्या मनात काय जागे होईल, ह्याची सनद कोणत्याही कर्त्याजवळ नसते.

आज चित्रपट, मालिका वा गाणे हाती धरून श्रद्धेविषयी बोलू पाहणाऱ्या ख्रिस्ती गृहस्थाने ह्यावरून एवढेच ध्यानी घ्यावे की, कलाकृतीस केवळ आमिष समजणाऱ्याचा कावा शेजाऱ्यास पहिल्याच वाक्यात कळतो. एखादे पात्र क्षमा करते ते योग्य की अयोग्य, हे मनापासून विचारावे, समोरच्याचे उत्तर आपल्यास गैरसोयीचे असले तरी पुरते ऐकावे, आणि मग आपली श्रद्धा काय म्हणते ते सांगावे. कारण ऐकून घेण्याची तयारी नसेल, तर ओवी काय आणि चित्रपट काय, दोन्ही हुकुमाचीच निराळी रूपे ठरतात.