टोकियोचे वार्तापत्र : कोणाच्या समाधीत कोण

जपानमध्ये कुटुंबात कोण मोडते, याचा निवाडा दोन ठिकाणी होतो. एक, नगरपालिकेतील ‘कोसेकी’ ही कुटुंब-नोंदवही. दुसरे, घराण्याची दगडी समाधी. दहनानंतर अस्थी नदीत सोडण्याची रीत येथे रूढ नाही. त्या कलशात घालून पूर्वजांच्या अस्थींशेजारी ठेवल्या जातात आणि वरच्या दगडावर व्यक्तीचे नव्हे, घराण्याचे नाव कोरलेले असते.

१८९८ च्या नागरी कायद्याने या घराण्याला, म्हणजे ‘इए’ला, कायद्याचे बळ दिले. लग्नाला कुटुंबप्रमुखाची संमती लागे आणि प्रमुखपद बहुधा थोरल्या मुलाकडे जाई. मुलगा नसेल तर जावई दत्तक घेत. रक्तापेक्षा नाव चालू राहणे मोलाचे होते. ही प्रथा उद्योगपतींच्या घरांत पुढेही टिकली. मारुतीमुळे भारताला परिचित झालेले ओसामू सुझुकी मूळचे मात्सुदा. कंपनीचे संस्थापक मिचिओ सुझुकी यांच्या नातीशी लग्न करून ते सुझुकी झाले.

युद्धानंतर, १९४७ मध्ये, ‘इए’ रद्द झाली. नोंदवहीत आता पतिपत्नी आणि त्यांची अविवाहित मुले एवढेच राहतात. लग्न झाले की नवी नोंद उघडते. मात्र दांपत्याचे आडनाव एकच हवे, ही अट कायम आहे. सर्वोच्च न्यायालयाने ती २०१५ आणि २०२१ मध्ये वैध ठरवली, आणि सुमारे ९५ टक्के जोडपी पतीचेच आडनाव घेतात. समाधीचा वारसाही इतर मालमत्तेसारखा वाटला जात नाही, रूढीप्रमाणे एकाकडेच जातो. घराणे कायद्यातून गेले, समाधीत मात्र उरले. आजची खरी अडचण इथून सुरू होते.

२०२० च्या जनगणनेत ३८ टक्के घरांत एकच माणूस राहत होता. समाधी अकिता किंवा शिमानेच्या खेड्यात, मुले टोकियोत. कित्येकांना मुलेच नाहीत. मग झाडलोट कोणी करायची, धूप कोणी लावायचा? म्हणून अनेक जण ‘हाकाजिमाई’ करतात, म्हणजे समाधी मोडतात. नगरपालिकेचा परवाना काढून, भिक्षूकडून विधी करवून अस्थी हलवायच्या आणि जागा मंदिराला परत करायची. वृद्ध मुलांसाठी हा निर्णय फार जड असतो; पूर्वजांना बेघर केल्याची खंत त्यात असते.

पर्यायही उभे राहिले आहेत. वारस नसला तरी मंदिरच कायम पूजा करील असा करार करता येतो. इवाते प्रांतातील इचिनोसेकी येथे शोउन्जी मंदिराने १९९९ मध्ये झाडाखाली अस्थी पुरण्याची सोय केली; ती पद्धत देशभर पसरली. सासरच्या समाधीत जायची इच्छा नसलेल्या स्त्रियांना हा मार्ग जवळचा वाटतो. एकाच ठिकाणी विसावणार असलेली माणसे जिवंतपणीच ओळख वाढवतात, एकत्र जेवतात. त्यांना ‘हाकातोमो’, समाधीचे सोबती, म्हणतात. ही नाती कोणत्याही नोंदवहीत नाहीत, तरी ती खरी आहेत.

ज्यांना असे सोबतीही नाहीत, त्यांच्यासाठी योकोसुका शहराने २०१५ मध्ये योजना आणली. एकाकी आणि गरीब वृद्ध स्वतःच्या अंत्यविधीचा करार आधीच करून ठेवतात आणि नगरपालिका तो पाळला जातो की नाही हे पाहते. २०१८ पासून तिथला रहिवासी आपली समाधी कुठे आहे, हेही नगरपालिकेत नोंदवू शकतो.