माशीच्या गालावर रानकोंबड्याचे पीस

समुद्रात वाढून नदीत परतणारा स्टीलहेड हा रेनबो ट्राउटचाच एक प्रकार. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातल्या नॉर्थ अम्पक्वा नदीवर त्याला भुलवण्यासाठी गांडूळ नव्हे, तर पिसांची नकली माशी वापरतात. ‘स्कंक’ ही त्यातली नामांकित माशी.

ती बांधायची कशी? गळ छोट्या शिकंज्यात पक्का करतात. लाल पिसांची शेपटी, काळ्या लवदार धाग्याचे अंग, त्यावर रुपेरी जरीचे वेढे, पुढे काळ्या कोंबड्याचे पीस, वर हरणाच्या शेपटीचे पांढरे केस. शेवटी डोक्याशी गाठ आणि वॉर्निशचा थेंब!

काही जुन्या माश्यांच्या गालावर मात्र डोळ्यासारखा ठिपका लागतो. तो असतो आपल्या सह्याद्रीतही आढळणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या मानेच्या पिसांवर. या पिसांपायी असंख्य पक्षी मारले गेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण मिळाले. आता परदेशातले कारागीर तिकडेच पाळलेल्या रानकोंबड्यांची किंवा नकली पिसे वापरतात.

‘स्कंक’ला तर त्या पिसाची गरजच नसते. तरीही मासा गळाला लागतोच! मग शोभेच्या ठिपक्यासाठी रानातला पक्षी कशाला मारायचा?