आज डोळे आले का?

दोष नेहमीं बाहेरचाच असतो, अशी आपली समजूत असते. ती किती फसवी आहे, हें आमच्या चिंचवडच्या घरीं १९९८ सालीं एका लहानशा यंत्रानें शिकविलें. तें वाचकांस सांगावेसें वाटतें.

१५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथें इंटरनेटची सोय सर्वांस खुली केली. पुण्यासही ती लवकरच मिळाली. आमच्या वडील बंधूंनीं जुन्या ‘४८६’ संगणकास सेकंदास २८,८०० बिट गतीचा मोडेम जोडला. मोडेम म्हणजे दुभाष्याच होय. संगणकाच्या भाषेचे तो नाद करून तारेवरून धाडतो व आलेल्या नादांची पुन्हा भाषा करतो. अमेरिकेंतील पुतण्याचीं पत्रें येऊं लागलीं. परंतु त्यास कन्या झाली, तेव्हां तिचें छायाचित्र मात्र अर्ध्यावर येऊन अडे. पडद्यावर कपाळ व भुंवया दिसत, डोळे नाहींत. नव्वदीच्या आमच्या मातोश्री रोज विचारीत, “आज डोळे आले का रे?”

कोणी म्हणे, भोसरीच्या कारखान्यांमुळें विजेचा दाब ढळतो. कोणी टेलिफोनच्या तारेस बोल लावी. शेवटीं आम्हीं क्रम ठरविला: एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची व परिणाम वहींत टिपावयाचा.

प्रथम माजघरांतील जोड-टेलिफोन काढला. कारण तो मध्येंच कोणीं उचलला कीं संबंध तुटे. तुटणें थांबलें, पण चित्र अडेच. मग संगणक व मोडेम यांमधील गति ३८,४०० वरून ९,६०० वर आणली. तारेवरील गति तशीच ठेविली. चित्र रखडत कां होईना, पूर्ण आलें! मातोश्रींनीं चष्मा पुसून पाहिलें व म्हणाल्या, “डोळे थेट ह्यांचेच.” त्यावर घरांत कोणी बोललें नाहीं.

म्हणजे तार निर्दोष, वीजही निर्दोष; दोष आमच्याच पेटींत होता. ‘एम.एस.डी.’ या तपासणीच्या आज्ञावलीनें उलगडा केला. अक्षरें उतरवून घेणारी चीप जुन्या घडणीची निघाली. तशा चिपेपाशीं आलेलें एकच अक्षर ठेवण्यापुरती जागा असते. ३८,४०० च्या गतीनें सेकंदास ३,८४० अक्षरें येतात. संगणक तबकडीवर लिहिण्यांत क्षणभर गुंतला कीं मागून येणारें अक्षर पहिल्यास पुसून टाकतें. असा गळका मजकूर पुनः पुन्हा मागवावा लागतो. लहान पत्र त्यांतूनही निभावतें. मोठें चित्र बसून राहतें. १६५५०ए या चिपेंत १६ अक्षरें मावतात. तें कार्ड बसविलें, तिच्या सांठ्याचा उपयोग करण्याची सूचना आज्ञावलीस दिली, आणि ‘थांब’ व ‘पाठीव’ या खुणा स्वतंत्र तारांनीं देण्याची व्यवस्थाही चालू केली. त्यानंतर पूर्ण गतीनें एकही चित्र अडलें नाहीं.

ज्यांच्या माळ्यावर असा संगणक असेल व त्यांतील जुनीं पत्रें तारेनें नव्या संगणकांत उतरवावयाचीं असतील, त्यांस हीच अडचण येण्याचा संभव आहे. त्यांनीं प्रथम गति कमी करून पाहावी. मातोश्री आज नाहींत. पण ती वही आम्हीं जपली आहे. तिच्या शेवटच्या पानावर इतकेंच लिहिलें आहे: “डोळे आले.”