यादीतला क्रम कोण ठरवतो?

ऑकलंडच्या उपनगरांची नावे रोमन लिपीत लिहून एखाद्या साध्या प्रोग्रॅमला अकारविल्हे लावायला दिली, तर ओताहुहू, ओराकेई आणि ओतारा ही नावे पार तळाशी, टाकापुना आणि व्हेनुआपाईच्याही खाली जातात. माओरी लेखनात दीर्घ स्वरावर आडवी रेघ देतात आणि या तिन्ही नावांची सुरुवात तशा ओ-ने होते. न्यूझीलंडच्या भौगोलिक मंडळाने २०१९ मध्ये शेकडो माओरी स्थलनामे शुद्ध स्वरूपात अधिकृत केली. त्यांतल्या अनेकांवर ही रेघ आहे. प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोड या संगणकीय संकेतात मोठ्या झेडचा क्रमांक ९० आहे, तर रेघेच्या मोठ्या ओ-चा ३३२. प्रोग्रॅम हे आकडे पाहतो आणि ओताहुहूला झेडच्याही मागे ढकलतो. माझ्या मते यात दोष यंत्राचा नाही. युनिकोडचा क्रमांक ही अक्षराची ओळख आहे. अक्षराने कुठे उभे राहायचे हे त्या भाषेच्या लोकांनी ठरवलेले असते आणि ते प्रोग्रॅमला स्पष्ट सांगावे लागते.

मराठीची गत याहून वेगळी नाही. काणे, कासार, काळे हा आपल्या वर्णमालेचा क्रम, कारण ळ हा ह-नंतर येतो. युनिकोडमध्ये मात्र ल २३५४ वर आणि ळ त्याच्या लगेच पुढे २३५५ वर आहे, म्हणून आकड्यांवर विसंबलेली यादी काळ्यांना कासारांच्या आधी बसवते. ॲ-ची तर फारच आबाळ होते. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले आणि त्याला २४१८ हा क्रमांक मिळाला. ह-चा क्रमांक २३६१, त्यामुळे ‘ॲलन’ हे नाव ‘होळकर’च्याही खाली जाते. त्यात ॲ दोन प्रकारे साठवता येतो, एकसंध अक्षर म्हणून किंवा अ-ला वेगळा अर्धचंद्र जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण एकच नाव दोघांनी दोन तऱ्हांनी टंकले तर एक यादीच्या आरंभी आणि दुसरे शेवटी सापडते. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत स्थान दिले, तरी त्या निर्णयाने कुठलाही प्रोग्रॅम आपोआप सुधारत नाही.

उपाय अवघड नाही. आपल्याला हवा तो क्रम एका तक्त्यात लिहायचा, प्रत्येक नावाचे तुकडे करून तक्त्यातले स्थान शोधायचे आणि अक्षरांऐवजी त्या स्थानांची तुलना करायची. काळजी घ्यायची ती जोडाक्षरांची. विल्यम्स यांच्या माओरी शब्दकोशात डब्ल्यूचा भाग संपल्यावर डब्ल्यू आणि एच मिळून होणाऱ्या अक्षराचा वेगळा भाग येतो, म्हणून त्या पद्धतीने ऑकलंडचेच विरी हे उपनगर आधी आणि व्हेनुआपाई नंतर. इंग्रजी क्रमात नेमके उलटे. प्रोग्रॅमने ही जोडी आधी ओळखली पाहिजे. क्ष-चेही तसेच, कारण यंत्राला तो क, हलन्त आणि ष असा तीन तुकड्यांत दिसतो. तक्त्यात नसलेले अक्षर आले तर त्याचे काय करायचे, हेही आधीच ठरवावे.

यावर कोणी म्हणेल की भाषावार क्रमाची तयार साधने आहेत, मग हा खटाटोप कशाला? साधने आहेत आणि ती जरूर वापरावीत. पण बऱ्याच संगणकभाषांतली साधी क्रमवारी ती आपणहून वापरत नाही, मागावी लागतात. शिवाय प्रत्येक क्रम वर्णमालेचा नसतो. वार अकारविल्हे लावले तर आठवडा गुरुवारी सुरू होऊन सोमवारी संपतो. एक्सेलमध्ये त्यासाठी स्वतःची यादी देता येते, मायएसक्यूएलमध्ये ‘फील्ड’ हे फंक्शन आहे. दुसरा आक्षेप, शोधपेटी असताना क्रम कोण पाहतो? हजेरीपट आणि छापील सूची माणसे वरून खाली वाचतात, आणि जागेवर नसलेले नाव गाळले असेच समजतात. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: क्ष शाळेतल्या वर्णमालेत शेवटी येतो, तर अनेक कोशांत क-खाली, मग बरोबर कोणते? दोन्ही पद्धती चालतात. मात्र एक निवडून ती लिहून ठेवली पाहिजे, नाहीतर ती निवड आपल्या वतीने यंत्र करते.

मराठी नावांची यादी करणाऱ्यांनी काळे, कासार, क्षीरसागर आणि ॲलन ही चार नावे घालून आपला प्रोग्रॅम आधी तपासावा, आणि मगच ती यादी लोकांपुढे ठेवावी.