शोभिवंत स्तरित तक्ते

रेझिनाने भिजविलेल्या कागदाचे अनेक थर एकावर एक रचून व उष्णता आणि दाब यांच्या साहाय्याने ते एकजीव करून बनविलेल्या पातळ, कठीण व छापील पृष्ठभागाच्या तक्त्यांना शोभिवंत स्तरित तक्ते म्हणतात. टेबले, कपाटे, दारे, स्वयंपाकघरातील ओटे व भिंती यांच्या पृष्ठभागांवर ते चिकटवितात. ‘फॉर्मायका’ व ‘सनमायका’ ही मुळात विशिष्ट उत्पादनांची व्यापारी नावे होत. परंतु ती इतकी रूढ झाली की, महाराष्ट्रात कोणत्याही कारखान्याच्या तक्त्याला सुतार व गिऱ्हाईक दोघेही सनमायकाच म्हणतात. या तक्त्यांची मूळ प्रक्रिया १९१२–१३ मध्ये सिद्ध झाली. तथापि घरगुती फर्निचरचे नेहमीचे साहित्य म्हणून त्यांना व्यापक बाजारपेठ मिळण्यास दुसरे महायुद्ध संपेपर्यंतचा काळ जावा लागला. नवी उत्पादन प्रक्रिया शोधणे आणि तिचा माल बाजारात स्थिर करणे ही दोन वेगळी कार्ये कशी आहेत, याचे हा उद्योग एक बोधप्रद उदाहरण आहे.

रचना व उत्पादन : तक्त्यात मुख्यत्वे तीन प्रकारचे कागद असतात. गाभ्यात तपकिरी क्राफ्ट कागदाचे अनेक थर असून ते फिनॉल-फॉर्माल्डिहाइड रेझिनाने भिजविलेले असतात. त्यांवर लाकडाची रेषाकृती, संगमरवर वा अन्य नक्षी छापलेला अथवा एकरंगी शोभिवंत कागद असतो. छापील नक्षीचे झिजेपासून रक्षण करण्यासाठी तिच्यावर शुद्ध सेल्युलोजाचा अतिशय पातळ आच्छादक कागद घालतात. रेझीन शोषून दाबला गेल्यावर तो पारदर्शक होतो. वरच्या या दोन्ही कागदांसाठी रंगहीन असे मेलामाइन-फॉर्माल्डिहाइड रेझीन वापरतात. भारतात फर्निचरसाठी सामान्यतः १ मिमी. जाडीचे व २,४४० × १,२२० मिमी. (८ × ४ फुट) आकारमानाचे तक्ते प्रचलित आहेत.

रेझिनात भिजविलेला कागद उष्ण हवेच्या भट्टीतून नेऊन वाळवितात. या टप्प्यात रेझीन अर्धवटच पक्व होऊ देतात. नंतर कागद कापून, रचून व अगंजी पोलादाच्या पत्र्यांमध्ये ठेवून बहुमजली द्रवीय दाबयंत्रात घालतात. तेथे सु. १३०°–१५०° से. तापमान व दर चौ. सेंमी. ला सु. ७०–१०० किग्रॅ. दाब देतात. रेझीन प्रथम वितळून सर्व थरांत पसरते व नंतर कायमचे कठीण होते. या विक्रियेत पाणी मुक्त होत असल्याने तक्ते दाबाखालीच थंड करावे लागतात. दाब लवकर काढल्यास वाफेमुळे थर सुटतात किंवा फोड येतात. तापविणे व थंड करणे मिळून एका फेरीस एक तास वा अधिक वेळ लागतो. पोलादी पत्र्याचा पोत जसाच्या तसा तक्त्यावर उमटतो. त्यामुळे चकचकीत, मंद किंवा लाकडासारखा खरखरीत पृष्ठभाग पत्रा बदलून मिळविता येतो.

इतिहास : लिओ हेंड्रिक बेकलंड यांनी १९०७ मध्ये फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांपासून बेकेलाइट हे रेझीन तयार करण्याची पद्धती शोधून काढली व १९०९ मध्ये ती जाहीर केली. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे वेस्टिंगहाउस कंपनीत काम करणारे डॅन्येल जे. ओकॉनर यांनी १९१२ मध्ये या रेझिनाचा लेप दिलेले कापड व कागद दांड्यावर गुंडाळले, त्या नळीला उभा छेद दिला आणि ती दाबून सपाट व कठीण तक्ता मिळविला. ओकॉनर व त्यांचे सहकारी हर्बर्ट ए. फेबर यांनी नोकरी सोडून १९१३ मध्ये सिनसिनॅटी येथे स्वतःचा कारखाना काढला. विद्युत् निरोधक म्हणून वापरल्या जाणाऱ्या अभ्रकाला हा पर्याय होता; ‘मायका’ म्हणजे अभ्रक, त्या‘ऐवजी’ म्हणून ‘फॉर्मायका’ असे नाव पडले. म्हणजे प्रारंभी या मालाचा फर्निचरशी काहीही संबंध नव्हता.

पहिला अडथळा कच्च्या मालाचा होता. बेकलंड यांच्या कंपनीने सपाट तक्त्यांसाठी लागणारे रेझीन या नव्या कारखान्यास देण्याचे नाकारले. केवळ नळ्या व कडी यांपुरतेच ते देऊ केले. तेव्हा रेडमॅनॉल या प्रतिस्पर्धी फिनॉलिक रेझिनाचा आश्रय घेऊन तक्त्यांचे उत्पादन चालू करावे लागले. दुसरा अडथळा कायदेशीर होता. ओकॉनर यांच्या मूळ शोधाचे एकस्व (पेटंट) वेस्टिंगहाउसकडे गेले होते व १९१९ मध्ये त्या कंपनीने फॉर्मायकाविरुद्ध दावा लावला. निकाल फॉर्मायकाच्या बाजूने लागला. एकाच पुरवठादारावर अवलंबून असलेली प्रक्रिया तांत्रिक दृष्ट्या निर्दोष असली, तरी बाजारपेठेत ती किती दुर्बल ठरते, हे या दोन प्रसंगांवरून दिसते.

तिसरा अडथळा रंगाचा होता. फिनॉलिक रेझीन स्वतः गडद असते व प्रकाशाने अधिकच काळवंडते. त्यामुळे तक्ते काळे वा तपकिरीच निघत; यंत्राच्या भागांना ते चालत, दिवाणखान्याला नव्हे. १९२७ मध्ये गाभा व छापील कागद यांमध्ये घालावयाच्या अपारदर्शक कागदाचे एकस्व कंपनीस मिळाले. गाभ्याचा गडदपणा झाकला गेल्याने लाकूड व संगमरवर यांची छपाई उठून दिसू लागली. १९३१ मध्ये छापील थराखाली धातूचा वर्ख घालून जळत्या सिगारेटीची उष्णता पसरवून टाकण्याची युक्ती एकस्वित झाली. उपाहारगृहांच्या टेबलांच्या दृष्टीने ती महत्त्वाची होती. फिकट रंगांसाठी वापरून पाहिलेली यूरिया रेझिने पाण्यापुढे पुरेशी टिकाऊ नव्हती. १९३८ च्या सुमारास मेलामाइन रेझीन उपलब्ध झाल्यावरच रंगहीन, कठीण, ओरखडे, उष्णता व डाग यांना दाद न देणारा पृष्ठभाग प्रत्यक्षात आला. युद्धकाळात कारखान्याची शक्ती लष्करी मालाकडे वळली. १९४५ नंतर अमेरिकेत घरबांधणीची लाट आली आणि सहज पुसता येणाऱ्या रंगीत ओट्यांनी व जेवणाच्या टेबलांनी ही बाजारपेठ घडविली.

व्यापारी नावाच्या यशाचाही एक धोका असतो. नाव सामान्यनाम झाले की त्यावरील हक्क दुर्बल होतो. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने १९७८ मध्ये फॉर्मायका हे चिन्ह रद्द व्हावे म्हणून अर्ज केला होता. काँग्रेसने अशा कारवाईसाठी निधी वापरण्यास मनाई केल्याने १९८० मध्ये ते प्रकरण संपुष्टात आले.

बाजारपेठेतील प्रवेशाच्या अटी : प्रयोगशाळेतील लहान दाबयंत्रात साधलेला तक्ता मोठ्या आकारमानात तसाच निघेल याची शाश्वती नसते. मोठ्या दाबयंत्रात मध्यभाग व कडा यांच्या तापमानांत फरक पडतो, कागदातील आर्द्रता सर्वत्र सारखी नसते व त्यामुळे तक्ता वाकतो. शिवाय तक्ता एकटा विकला गेला, तरी एकटा वापरला जात नाही. प्लायवुड वा पार्टिकल बोर्ड (लाकडाच्या कपच्या रेझिनाने बांधून केलेली फळी) यांच्या एकाच बाजूवर तो चिकटविल्यास आर्द्रतेतील बदलाने दोन्ही बाजू सारख्या प्रमाणात फुगत वा आकसत नाहीत व फळी वाकते. म्हणून मागील बाजूसही समतोल राखणारा थर लावावा लागतो. आपल्याकडील पावसाळ्यात हा नियम दुर्लक्षिल्यास कपाटाचे दार काही महिन्यांतच बसेनासे होते आणि दोष मात्र तक्त्याच्या माथी येतो. नवा माल आणणाऱ्या उत्पादकाला म्हणूनच आसंजक (चिकटविण्याचा पदार्थ), आधारभूत फळी व सुताराचे कसब या तिन्हींचा विचार करावा लागतो.

छपाईचे अर्थशास्त्रही निर्णायक असते. प्रत्येक नक्षीसाठी कोरीव रुळांचा संच लागतो व त्याचा खर्च भरून निघण्यासाठी कागद मोठ्या प्रमाणात छापावा लागतो. याउलट गिऱ्हाईक शेकडो नमुन्यांतून एक निवडते आणि बहुधा काही थोडेच तक्ते घेते. न खपलेल्या नक्षींच्या साठ्यात उत्पादकाचे व विक्रेत्याचे भांडवल अडकून पडते. अनेक उद्योग प्रक्रियेतील दोषामुळे नव्हे, तर या साठ्याच्या ओझ्याने अडचणीत येऊ शकतात. अलीकडे संगणकनियंत्रित छपाईमुळे रूळ न कोरता थोडे तक्ते काढणे शक्य झाले आहे.

गिऱ्हाइकाचा विश्वास मानकांवर उभा राहतो. भारतीय मानक आयएस २०४६ मध्ये या तक्त्यांच्या कसोट्या दिलेल्या असून त्यांत झीज, उकळत्या पाण्याचा परिणाम, डाग, आघात व परिमाणांची स्थिरता यांचा समावेश होतो. उकळत्या पाण्यात तक्ता ठेवून त्याच्या वजनात व जाडीत होणारी वाढ मोजतात. रेझीन नीट पक्व झाले आहे की नाही, हे त्यावरून लगेच उघड होते.

प्रक्रियेतील पुढील बदल : मेलामाइनाने भिजविलेला शोभिवंत कागद पार्टिकल बोर्डावर थेट दाबून तयार फळी काढण्याची पद्धती यूरोपात विकसित झाली. तीत दाब बराच कमी असतो व दाबाखाली थंड करावे लागत नाही. त्यामुळे फेरी तासाऐवजी मिनिटाच्या आतही पुरी होते. ही फळी स्वस्त पडते, परंतु तिचा पृष्ठभाग उच्च दाबाच्या तक्त्याइतका आघातसह नसतो. अशा फळ्यांसाठी भारतात आयएस १२८२३ हे मानक १९९० मध्ये तयार झाले. दोन पोलादी पट्ट्यांमधून कागद अखंड नेणाऱ्या दाबयंत्रांमुळे गुंडाळता येण्याजोगे पातळ तक्तेही मिळू लागले.

भारतातील उद्योग : परदेशी तांत्रिक सहकार्याने स्वातंत्र्योत्तर काळात हैदराबाद, पुणे इ. ठिकाणी हे उत्पादन सुरू झाले. पुढे गुजरातेत अहमदाबाद व मोर्बी परिसरांत अनेक कारखाने निघाले. लाकडाच्या टंचाईने मागणीस मोठी चालना मिळाली. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने लाकडाला पर्याय शोधण्यावर भर दिला व १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने वृक्षतोडीवर व लाकूड उद्योगांवर कडक निर्बंध आले. सागवान व शिसवी लाकडाचे फर्निचर सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर गेले, तेव्हा त्यांची छापील प्रतिमा घरोघरी पोहोचली. कारखान्यात मढविलेल्या फळ्यांमुळे सुताराच्या रंधा व पॉलिश यांच्या कामाचा मोठा भाग नाहीसा झाला. मापून कापणे, कडा बंद करणे व जुळणी करणे यांस महत्त्व आले.

आरोग्य व पर्यावरण : या तक्त्यांत व विशेषतः त्यांखालील फळ्यांत वापरलेल्या रेझिनांतून फॉर्माल्डिहाइड वायू अल्प प्रमाणात बाहेर पडू शकतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइड हे मानवास कर्करोगकारक असल्याचे ठरविले. पूर्ण पक्व झालेल्या तक्त्यातून होणारे उत्सर्जन कमी असते. यूरिया रेझिनाने बांधलेल्या व कडा उघड्या राहिलेल्या फळीतून ते अधिक असते. म्हणून कडा नीट बंद करणे हे केवळ शोभेचे काम नाही. उष्मादृढ (तापविल्याने कायमची कठीण होणारी) असल्यामुळे ही रेझिने पुन्हा वितळविता येत नाहीत व टाकाऊ तक्त्यांचा पुनर्वापर अवघड होतो. कमी उत्सर्जनाची रेझिने व वनस्पतिज द्रव्यांपासून केलेली आसंजके यांवर संशोधन चालू आहे. तथापि त्यांनाही कच्च्या मालाचा अखंड पुरवठा, मोठ्या आकारमानातील उत्पादन, किंमत व मानकांची कसोटी या वाटेनेच बाजारपेठेत यावे लागेल.