बिनतारी चार्जिंग आणि तापणारा स्मार्टफोन

मोबाइल फोन हे आता केवळ संभाषणाचे साधन राहिलेले नाही. बँकेचे पासबुक, पैशांचे पाकीट, रेल्वेचे तिकीट आणि विजेचे बिल भरण्याची खिडकी या साऱ्यांची कामे तो एकटा करतो. साहजिकच त्याची बॅटरी भरलेली असणे ही आपल्या आर्थिक व्यवहारांचीही गरज बनली आहे. वायर न जोडता, फोन नुसता एका चकतीवर ठेवून चार्ज करण्याची सोय या गरजेतूनच अनेक घरांत व कार्यालयांत रूढ झाली. तथापि, अशा चकतीवरून उचललेला फोन हाताला चांगलाच गरम लागतो, असा अनुभव पुष्कळांना येतो. ही उष्णता येते कोठून, ती कितपत स्वाभाविक आहे आणि केव्हा घातक ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तत्त्व जुने, उपयोग नवा

बिनतारी चार्जिंगचे मूळ १८३१ साली मायकेल फॅरेडे यांनी मांडलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वात आहे. तारेच्या वेटोळ्याजवळील चुंबकीय क्षेत्र सतत बदलत राहिले, तर त्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. आपल्या वस्तीतील ट्रान्सफॉर्मर याच तत्त्वावर चालतो. चार्जिंगच्या चकतीत तांब्याच्या तारेचे एक चपटे वेटोळे असते. त्यातून सेकंदाला साधारणतः एक ते दोन लाख वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडला जातो. फोनच्या पाठीमागील आवरणाखाली दुसरे वेटोळे असते. ते ही ऊर्जा ग्रहण करते आणि फोनमधील मंडल तिचे एकदिश प्रवाहात रूपांतर करून बॅटरीला पुरवते.

निरनिराळ्या कंपन्यांचे फोन एकाच प्रकारच्या चकतीवर चार्ज व्हावेत, यासाठी २००८ साली उत्पादकांचा एक संघ स्थापन झाला आणि त्याने ‘ची’ नावाचे मानक तयार केले. २०१७ साली आयफोननेही ते स्वीकारल्यावर त्याचा प्रसार वेगाने झाला. २०२३ मध्ये आलेल्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत फोन व चकती नेमक्या जागी जुळाव्यात म्हणून चुंबकांच्या कड्याची योजना आहे. या चुंबकांचे महत्त्व पुढील विवेचनावरून लक्षात येईल.

ऊर्जेचा जमाखर्च

कोणत्याही व्यवहारात जमा आणि खर्च यांचा मेळ बसावा लागतो. ऊर्जाही या नियमाला अपवाद नाही. चकतीने घेतलेली सारी ऊर्जा बॅटरीपर्यंत पोहोचत नाही आणि जी पोहोचत नाही, ती प्रामुख्याने उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. तांब्याच्या तारेचा विरोध, प्रवाहाचे पुनःपुन्हा होणारे रूपांतर आणि आसपासच्या धातूच्या भागांत निर्माण होणारे भोवरा प्रवाह ही या तुटीची मुख्य कारणे होत.

एक उदाहरण घेऊ. समजा, फोनच्या बॅटरीत १५ वॅट-तास ऊर्जा साठवायची आहे. वायरने चार्ज करताना कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर सुमारे १६.७ वॅट-तास खर्च होतील आणि पावणेदोन वॅट-तासांच्या आसपास उष्णता होईल. बिनतारी पद्धतीत कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर खर्च सुमारे २१.४ वॅट-तासांवर जाईल आणि तूट सहा वॅट-तासांहून अधिक होईल. फोन चकतीच्या मध्यापासून थोडा जरी सरकला, तरी दोन्ही वेटोळ्यांची जुळणी बिघडते आणि ही तूट आणखी वाढते.

वाचकांस वाटेल की, यामुळे विजेचे बिल बरेच वाढत असेल. तसे नाही. रोज एकदा फोन पूर्ण चार्ज केला, तरी वरील हिशेबाने वर्षाकाठी जेमतेम दोन युनिटे अधिक खर्च होतात. खरा खर्च बिलात दिसत नाही. तो बॅटरीच्या खात्यावर पडतो. वेटोळे फोनमध्ये बॅटरीच्या अगदी लगत असते आणि फोनची पाठ चकतीला टेकलेली असल्यामुळे उष्णता बाहेर पडण्यास वाव कमी मिळतो.

बॅटरीचा घसारा

स्मार्टफोनमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. सोनी कंपनीने १९९१ साली ती प्रथम बाजारात आणली आणि तिच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या बॅटरीत लिथियमचे आयन एका द्रवातून दोन ध्रुवांमध्ये ये-जा करतात. त्याच वेळी काही अनावश्यक रासायनिक क्रियाही अत्यंत मंद गतीने चालू असतात आणि त्या बॅटरीची साठवणक्षमता हळूहळू कमी करतात.

लेखाशास्त्रात यंत्रसामग्रीवर दरवर्षी घसारा आकारला जातो, तसाच हा बॅटरीचा घसारा होय. रसायनशास्त्राचा एक ढोबळ नियम असा की, तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले तर अशा क्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो. बॅटरी पूर्ण भरलेली आणि गरमही असेल, तर ही झीज अधिकच होते. म्हणूनच रात्रभर चकतीवर तापत राहिलेल्या फोनची बॅटरी अपेक्षेपेक्षा लवकर थकण्याचा संभव असतो.

याचा अर्थ चकतीवर ठेवलेला फोन पेट घेईल, असा मात्र नव्हे. २०१६ साली सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ या फोनला आगी लागण्याच्या घटना घडल्या व कंपनीला तो परत मागवावा लागला. पुढे जानेवारी २०१७ मध्ये जाहीर झालेल्या तपासणीत त्याचे कारण बॅटरीची रचना व निर्मिती यांतील दोष हे आढळले. निर्दोष फोनमध्ये तापमान मोजणारे संवेदक असतात. फोन तापला की चार्जिंगचा वेग कमी केला जातो किंवा ते थांबवले जाते. फोन ८० टक्क्यांवर अडून राहिला, तर कित्येकदा तो बिघाड नसून स्वसंरक्षण असते.

आपल्या उन्हाळ्याचा प्रश्न

आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानाच्या परिसरात वापरावा, असे त्याच्या उत्पादकाचे सांगणे आहे. आपल्याकडे नागपूर, अकोला किंवा जळगाव येथेच नव्हे, तर ग्वाल्हेर व दिल्ली येथेही मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. म्हणजे चार्जिंग सुरू होण्यापूर्वीच मर्यादा ओलांडलेली असते! उन्हात उभ्या असलेल्या मोटारीतील चकतीवर फोन ठेवणे तर कटाक्षाने टाळावे.

चकती आणि आपले बँक कार्ड

अनेक ग्राहक डेबिट वा क्रेडिट कार्ड फोनच्या कव्हरमध्येच ठेवतात. त्यांनी विशेष सावध राहावे. पिनशिवाय व नुसत्या स्पर्शाने चालणाऱ्या कार्डातील चिपलाही बँकेच्या यंत्राकडून फॅरेडे यांच्याच तत्त्वाने ऊर्जा मिळते, पण ती अत्यल्प असते. चार्जिंगच्या चकतीचे क्षेत्र कितीतरी प्रबळ असते. कार्ड फोन व चकती यांच्यामध्ये आल्यास त्याची चुंबकीय पट्टी किंवा चिप निकामी होण्याची शक्यता असते. नाणी, किल्ल्या यांसारख्या धातूच्या वस्तू तर तापतात. चांगल्या चकत्या अशी वस्तू ओळखून वीजपुरवठा थांबवतात. परंतु स्वस्त चकत्यांबाबत तशी खात्री देता येत नाही.

फोन व कार्ड एकत्र ठेवण्यात आणखीही एक धोका आहे. दोन्ही एकाच वेळी हरवतात. जानेवारी २०२१ पासून स्पर्शविरहित कार्डाने ५,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय करता येतो आणि कार्ड बंद करण्यासाठी लागणारा फोनही त्या वेळी हाताशी नसतो.

घ्यावयाची काळजी

१. फोन चकतीच्या मध्यभागी ठेवावा. जाड किंवा धातूचा अंश असलेले कव्हर काढून ठेवावे.
२. चकती टेबलासारख्या कठीण व मोकळ्या जागी असावी. उशी, गादी किंवा पांघरुणावर नसावी.
३. चार्जिंग चालू असताना चित्रपट पाहणे, खेळ खेळणे किंवा दीर्घकाळ व्हिडिओ कॉल करणे टाळावे.
४. फोनमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असल्यास तिचा लाभ घ्यावा.
५. मान्यताप्राप्त चकती व भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी असलेला ॲडॅप्टर वापरावा.
६. फोन हात लावता येणार नाही इतका तापल्यास तो चकतीवरून उचलून सावलीत ठेवावा. लवकर गार व्हावा म्हणून फ्रिजमध्ये ठेवू नये. त्यामुळे आत बाष्प साचते.

बॅटरी फुगल्यास

फोनचा पडदा किंवा पाठ उचलली गेल्यासारखी दिसल्यास बॅटरीत वायू साठला आहे, असे समजावे. असा फोन दाबू नये, टोचू नये व चार्ज करू नये. तो बंद करून अधिकृत सेवा केंद्रात न्यावा. दुरुस्तीस देण्यापूर्वी सिम कार्ड काढून घ्यावे आणि शक्य असल्यास बँकेच्या ॲपमधून बाहेर पडावे. दुरुस्ती करणाऱ्यास बँकिंगचा पिन किंवा पासवर्ड कोणत्याही कारणाने सांगू नये. फोन सुरूच होत नसेल, तर शाखेशी संपर्क साधून मोबाइल बँकिंग तात्पुरते बंद करून घेणे इष्ट ठरते. निकामी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर सोपवली आहे.

सोय आणि सुरक्षितता यांत विरोध असण्याचे कारण नाही. बिनतारी चार्जिंग ही निश्चितच उपयुक्त सोय आहे. मात्र उन्हाळ्यात, घाईच्या वेळी आणि जुन्या झालेल्या फोनसाठी साधी वायरच अधिक हितावह. ज्या फोनवर आपण आपली पुंजी विश्वासाने सोपवतो, त्याला थोडा गारवा आणि थोडी विश्रांती देणे ही आपलीच जबाबदारी आहे.