दुखणे हाडाचे, मूळ रक्तात

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी सोनाळा हे गाव आहे. गावाच्या उत्तरेला अंबाबरवा अभयारण्याचे डोंगर आणि आदिवासी वस्त्या सुरू होतात, तर दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीचा आणि खाऱ्या भूजलाचा, वऱ्हाडात खारपाणपट्टा म्हणून ओळखला जाणारा प्रदेश पसरतो. हाडांची आणि सांध्यांची दुखणी या भागाला नवीन नाहीत. शेतात वाकून राबणाऱ्या माणसांना उतारवयात गुडघे आणि मणके त्रास देतात, हे सर्वत्र दिसते आणि त्याची कारणेही परिचित आहेत. परंतु वीस-पंचवीस वर्षांचा तरुण खुब्यातील वेदनेने लंगडू लागतो, किंवा वर्षभराच्या बाळाच्या हातापायांची बोटे एकाएकी सुजतात, तेव्हा त्या दुखण्याला 'वात' म्हणून मोकळे होता येत नाही. सातपुड्याच्या पायथ्यापासून पूर्व विदर्भापर्यंतच्या प्रदेशात अशा वेदनेमागे सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार असण्याची शक्यता सर्वप्रथम तपासली पाहिजे, आणि नेमकी तीच अनेकदा सर्वांत शेवटी तपासली जाते.

रक्तातील तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन हे लोहयुक्त प्रथिन असते आणि फुप्फुसांतून मिळालेला प्राणवायू तेच शरीरभर पोहोचवते. या प्रथिनाच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानावर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल आले, की 'एस' प्रकारचे हिमोग्लोबिन तयार होते. फरक एवढाच असला, तरी प्राणवायू सोडून दिल्यानंतर या हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांब, ताठ तंतू बनतात आणि एरवी गोल व लवचीक असणारी पेशी विळ्याच्या आकाराची होते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर ही पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते, त्यामुळे रुग्णाच्या अंगात रक्त कायम कमी राहते. हाडांना मात्र याहून मोठा धोका असा, की ताठ आणि चिकट झालेल्या या पेशी केशवाहिन्यांत अडकतात आणि त्यांच्या पलीकडच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो.

आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक मिळाले, तर मूल रुग्ण होते. त्याला 'एसएस' म्हणतात. एकाच पालकाकडून ते मिळाले, तर ती व्यक्ती 'एएस', म्हणजे वाहक ठरते आणि बहुधा आयुष्यभर निरोगी राहते. दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्णपणे दोषमुक्त असण्याची २५ टक्के असते. वाहकाला प्राणघातक हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते, हे ए. सी. ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवले, आणि हिवतापाने पिढ्यान्‌पिढ्या ग्रासलेल्या जंगलपट्ट्यांत हे जनुक का टिकून राहिले, याचा उलगडा त्यातून होतो.

अमेरिकेत शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी अशा पेशींचे वर्णन १९१० मध्येच प्रसिद्ध केले होते. भारतात १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये हा दोष आढळला, आणि १९५८ मध्ये शुक्ला व सोलंकी या नागपूरच्या संशोधकांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातून मध्य भारतातील सिकलसेलकडे लक्ष वेधले. पुढे पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्रातील आदिवासी समूहांची दीर्घकाळ पाहणी केली आणि भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा काही समूहांत वाहकांचे प्रमाण फार मोठे असल्याचे दाखवून दिले. मात्र हा केवळ आदिवासींचा आजार मानणे चूक आहे, कारण विदर्भात अनुसूचित जातींत आणि इतर मागास समाजांतही तो मोठ्या प्रमाणात आढळतो. विदर्भाला या विकाराची ओळख होऊन सहा दशकांहून अधिक काळ लोटला, तरीही हाडाच्या वेदनेवर वर्षानुवर्षे निदानाविना उपचार होत राहावेत, ही खेदाची गोष्ट आहे.

या विकारात हाडांनाच इतका मार का बसतो, याचे उत्तर अस्थिमज्जेत आहे. हाडाच्या पोकळीतील या मऊ ऊतीत रक्तपेशी तयार होतात. तेथे रक्ताचा प्रवाह संथ आणि प्राणवायू तुलनेने कमी असतो, म्हणजे पेशी विळ्यासारख्या होण्यास लागणारी परिस्थिती आयतीच मिळते. त्यातच नष्ट होणाऱ्या पेशींची भरपाई करण्यासाठी मज्जा अहोरात्र वाढत राहते, हाडाची पोकळी रुंदावते, बाहेरचे टणक कवच पातळ होते आणि हाड ठिसूळ बनते. जन्मानंतरचे सुमारे सहा महिने बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन भरपूर असते आणि ते पेशींना वाकू देत नाही. ते ओसरले, की आजाराची पहिली खूण अनेकदा हातापायांच्या बोटांवर उमटते: तळहात, तळपाय किंवा बोटे सुजतात, गरम लागतात, ताप येतो आणि बाळ स्पर्श करू देत नाही. काही दिवसांनी सूज आपोआप उतरते, त्यामुळे मुका मार लागला असावा किंवा काही चावले असावे, असे समजून घरचे लोक तो प्रसंग विसरतात. मूल पाच-सहा वर्षांचे होईपर्यंत या लहान हाडांतील रक्त तयार करणारी मज्जा मागे हटते, म्हणून बोटांची सूज थांबते. वेदना मात्र थांबत नाही. ती मांडी, दंड, बरगड्या आणि पाठीचा कणा येथे सरकते. मणक्यांच्या मध्यभागाची वाढ खुंटल्याने त्यांच्या वरच्या आणि खालच्या बाजूंवर खोलगट भाग पडतात, आणि क्ष-किरण चित्रातील तो आकार जाणकार डॉक्टरला रक्ततपासणीच्याही आधी रोगाचे नाव सुचवतो.

सर्वांत मोठे आणि कायमचे नुकसान होते ते खुब्याचे. मांडीच्या हाडाचे गोल डोके कमरेच्या हाडातील वाटीसारख्या खाचेत फिरते आणि चालताना, उठताना, ओझे उचलताना शरीराचा भार या सांध्यावर पडतो. या डोक्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मोजक्या आणि बारीक असून एक बंद पडली तर तिचे काम करणारी दुसरी बहुधा नसते. पुरवठा तुटला, की हाडाचा तेवढा भाग मृत होतो. याला अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस म्हणतात आणि दवाखान्यांत ते 'एव्हीएन' या आद्याक्षरांनीच ओळखले जाते. मृत हाड लगेच मोडत नाही. शरीर कडेने नवे हाड घालण्याचा प्रयत्न करते, पण त्या काळात तो भाग कमकुवत असतो आणि रोजच्या भाराने त्यात सूक्ष्म भेगा पडत जातात. अखेरीस गोल डोके चपटे होते, त्यावरची कूर्चा झिजते आणि ऐन तारुण्यात म्हातारपणाचा सांधा वाट्याला येतो. अमेरिकेत १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, पाच वर्षांवरील २,५९० सिकलसेल रुग्णांपैकी सुमारे १० टक्के रुग्णांच्या खुब्यात हा बिघाड आढळला होता. भारतीय रुग्णांच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्याचदा अधिक राहते आणि त्यामुळे आजार काहीसा सौम्य असतो, असे सांगितले जाते. परंतु रक्त फारसे कमी नसलेल्या, वरवर धडधाकट दिसणाऱ्या रुग्णाचा खुबाही निकामी होऊ शकतो, हे विसरता कामा नये.

खुब्याचे दुखणे ओळखण्यात एक अडचण अशी, की ते नेहमी खुब्यात जाणवत नाही. जांघेत, मांडीच्या पुढच्या बाजूला आणि पुष्कळदा चक्क गुडघ्यात ते जाणवते, त्यामुळे गुडघ्याचे क्ष-किरण चित्र काढले जाते, ते निर्दोष निघते आणि रुग्ण गोळ्या घेऊन घरी परततो. मांडी घालून बसता न येणे, उकिडवे बसताना जांघेत कळ येणे, चालताना पाय टाकण्याची ढब बदलणे या खुणा अधिक बोलक्या आहेत. आरंभीच्या काळात साधे क्ष-किरण चित्रही स्वच्छ दिसते. मृत भाग लवकर दाखवण्याचे सामर्थ्य एमआरआय तपासणीत आहे. या टप्प्यावर निदान झाले, तर कुबडी वापरून सांध्यावरचा भार कमी करणे, व्यायामोपचार आणि काही रुग्णांत हाडाला छिद्र पाडून आतील दाब उतरवण्याची शस्त्रक्रिया यांचा उपयोग होऊ शकतो. डोके एकदा खचल्यावर मात्र या उपायांना फारसा वाव उरत नाही.

निदान नसताना होणारे उपचार कधीकधी रोगाइतकेच हानिकारक ठरतात. सुजलेले हाड चोळणे, त्यावर डागण्या देणे किंवा हाडवैद्याकडून ते ओढून घेणे यांनी रक्ताचा दोष दूर होत नाही, आणि हाडात जंतुसंसर्ग असल्यास मोलाचा वेळ जातो. सिकलसेलमध्ये पाणथरी लहानपणीच निकामी होत असल्याने शरीराची जंतूंशी लढण्याची शक्ती उणी असते आणि विषमज्वराच्या जंतूंच्या कुळातील साल्मोनेला जंतू हाडात पू करू शकतात. ताप उतरत नसताना एकाच ठिकाणी टिकून राहणारी वेदना म्हणूनच रुग्णालयात दाखल होण्याचे कारण आहे. वाताच्या नावाने विकल्या जाणाऱ्या, घटक न लिहिलेल्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असेल, तर धोका दुहेरी असतो, कारण स्टिरॉइडचा दीर्घ वापर हे स्वतंत्रपणेही खुब्याचे हाड मृत होण्याचे प्रमुख कारण आहे. वेदनाशामक इंजेक्शने आणि गोळ्या वारंवार घेतल्यास मूत्रपिंडांवर ताण येतो. सिकलसेल मूत्रपिंडांनाही इजा करतो, त्यांना लघवी दाट करता येत नाही आणि शरीरातील पाणी सहज निघून जाते. आणि पाण्याची कमतरता हेच वेदनेचा झटका येण्याचे एक ठळक निमित्त असते. ज्या पट्ट्यात खाऱ्या पाण्याच्या जोडीने मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार वर्षानुवर्षे केली जाते, तेथे सिकलसेल रुग्णाला उन्हाळ्यात गोडे पाणी पुरेसे मिळणे हा औषधोपचाराचाच भाग मानला पाहिजे.

तपासणी अवघड नाही. रक्ताच्या थेंबावर होणारी सोल्युबिलिटी चाचणी सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढे सांगते, तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या चाचण्या व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे निश्चित करतात. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे आणि २०४७ पर्यंत या आजाराचे निर्मूलन करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. शिबिरातील तपासणी आणि अस्थिरोग विभागातील तपासणी यांची सांगड मात्र घालावी लागेल: खुबा दुखतो म्हणून आलेल्या प्रत्येक तरुणाची सिकल चाचणी आणि सिकलसेलच्या प्रत्येक रुग्णाच्या खुब्याची नियमित परीक्षा, या दोन साध्या गोष्टी नियमाने झाल्या, तर कितीतरी सांधे खचण्यापूर्वी लक्षात येतील.

औषधांपैकी हायड्रॉक्सियुरिया हे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते आणि वेदनेचे झटके कमी करते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी मात्रेतही ते विदर्भातील मुलांना उपयोगी पडते, हे दाखवले. हे औषध घेताना रक्तपेशींची संख्या ठरावीक काळाने तपासावी लागते आणि मृत झालेले हाड त्याने पुन्हा जिवंत होत नाही. खचलेल्या खुब्यासाठी कृत्रिम सांधा बसवता येतो, परंतु सिकलसेल रुग्णात ही शस्त्रक्रिया नेहमीपेक्षा अवघड असते, कारण हाडाची पोकळी ठिकठिकाणी कठीण होऊन बंद झालेली असते, जंतुसंसर्गाची भीती अधिक असते आणि भूल दिली असताना प्राणवायू, उष्णता किंवा पाणी कमी पडले, तर टेबलावरच पेशी वाकू लागतात. पंचविशीत बसवलेला सांधा आयुष्यभर पुरण्याची खात्री नसल्याने पुढे तो बदलावाही लागतो.

मजुरीवर पोट असलेल्या तरुणाच्या दृष्टीने शस्त्रक्रियेइतकाच महत्त्वाचा प्रश्न उपजीविकेचा असतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने मान्य केलेल्या २१ दिव्यांगत्वांत सिकलसेलचा समावेश आहे आणि किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झाल्यास आरक्षणासह अनेक सवलती मिळू शकतात. खुबा खचलेल्या रुग्णाने प्रमाणपत्रासाठी अर्ज करताना रक्ताच्या चाचणीचा अहवाल आणि सांध्याची क्ष-किरण चित्रे ही दोन्ही सोबत जोडावीत, म्हणजे तपासणी करणाऱ्या डॉक्टरांसमोर रक्तविकार आणि चालण्याची अक्षमता ही दोन्ही एकत्र येतात.